टोकामॅकची भिंत एकदाच साफ करून का भागत नाही

टोकामॅक म्हणजे फ्यूजनच्या, म्हणजे हलके अणू जुळवून ऊर्जा काढण्याच्या, प्रयोगासाठी प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकांनी कोंडून धरणारं कड्याच्या आकाराचं भांडं. सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्यानं त्याबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "टोकामॅकमध्ये चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला भिंतीपासून लांब धरतं असं वाचलं. मग प्रत्येक मोहिमेआधी भिंती दिवसचे दिवस तापवायच्या, आत ग्लो डिस्चार्ज चालवायचा, बोरॉनचा लेप द्यायचा, हे कशासाठी? एकदाच नीट साफ करून चांगला लेप दिला तर का भागत नाही? बोरॉन, लिथियम, टंगस्टन यांत सगळ्यात चांगलं कोणतं? आणि आमच्या कॉलेजातलं स्टीलचं छोटं चेंबर एक लक्षांश मिलिबारच्या खाली जातच नाही, त्याला यातलं काय लागू पडेल?"

तुमच्या चेंबरचं उत्तर आधीच्या तीन प्रश्नांत दडलंय, म्हणून क्रमानं जातो. माझी २६ वर्षं व्हॅक्यूमच्या कामात गेली, त्यातली निम्म्याहून जास्त टोकामॅकभोवती. आता सांगलीतच असतो आणि आठवड्यातून दोन दिवस कुपवाड एमआयडीसीतल्या एका कोटिंगच्या कारखान्यात जातो. यंत्रं वेगळी, पण दोन्हीकडे सगळ्यात जास्त छळतं ते पाणीच.

तुम्ही "साफ करणं" म्हणता तिथूनच गैरसमज सुरू होतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, ते आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत होतं. ओसरल्यावर गाळ उपसला, भिंती धुतल्या, फिनेल मारलं. दोन महिन्यांत भिंती हाताला कोरड्या लागायला लागल्या, म्हणून दिवाळीच्या तोंडावर रंग दिला. संक्रांतीपर्यंत त्या रंगाला पोपडे आले आणि खाली पांढरा क्षार दिसायला लागला. भिंत वरून स्वच्छ होती, पण आत मुरलेली ओल बाहेर यायचं थांबली नव्हती. सांगलीत ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. टोकामॅकच्या भिंतीचंही असंच असतं. वरची घाण कारखान्यातच धुतलेली असते. आपली झुंज असते ती ओलीशी, म्हणजे भिंतीत शिरून बसलेलं पाणी, कार्बनची संयुगं, ऑक्सिजन आणि आधीच्या शॉटमधला (प्लाझ्मा पेटवण्याच्या एका खेपेतला) हायड्रोजन यांच्याशी.

ही ओल किती मोठी असते ते आकड्यांत बघू. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेतलं 'आदित्य' घ्या, १९८९ मध्ये सुरू झालेलं, भारतातच बांधलेलं पहिलं टोकामॅक. मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर, प्लाझ्माची छोटी त्रिज्या २५ सेंटिमीटर. मेदूवड्यासारख्या या आकाराचं घनफळ येतं साधारण ०.९ घनमीटर. दर घनमीटरला २ वर १९ शून्यं इतके कण धरले, तर सगळ्या प्लाझ्मात मिळून जेमतेम तेवढेच कण. आता या कड्याचं पृष्ठफळ काढा, सुमारे ७.४ चौरस मीटर. कुठल्याही पृष्ठभागावर अणूंचा एकच सलग थर बसला तर दर चौरस मीटरला साधारण १ वर १९ शून्यं इतके अणू मावतात. म्हणजे भिंतीवरच्या एका थरात सगळ्या प्लाझ्माच्या चौपट अणू आहेत. त्यातला शंभरातला एक जरी सुटून आत गेला तरी प्लाझ्मात शंभराला चार भेसळ झाली. आणि खऱ्या भिंतीवर एकच थर कधीच नसतो. पाण्याचे थरावर थर असतात, स्टीलवर ऑक्साइड असतं, पोलादाच्या पोटात विरघळलेला हायड्रोजन असतो, आणि ग्रॅफाइटच्या फरश्या असतील तर त्यांच्या छिद्रांत किती काय भरलेलं असतं याची मोजदादच नको. हा हिशेब मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वहीत मांडला, तेव्हापासून भिंत मला प्लाझ्माचाच भाग वाटते.

चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला लांब धरतं हे खरं, पण फक्त विद्युतभारित कणांना, आणि तेही थोडा वेळ. कण हळूहळू आडवे सरकत कडेला येतात आणि लिमिटर किंवा डायव्हर्टरवर, म्हणजे प्लाझ्माची कड झेलायला मुद्दाम बसवलेल्या भागांवर, आदळतात. शिवाय कडेच्या थंड उदासीन अणूकडून एखादा तापलेला आयन इलेक्ट्रॉन घेतो आणि स्वतः उदासीन होतो. त्याचा वेग तोच राहतो, चुंबकाचा धाक मात्र संपतो, आणि तो सरळ भिंतीत घुसतो. वर अतिनील प्रकाशाचा मारा आहेच. त्यामुळे भिंतीवर सतत ठोके पडत असतात आणि ती सतत काहीतरी सोडत असते.

सुटलेले अणू दोन तऱ्हांनी नुकसान करतात. पहिली भेसळीची. १०० इलेक्ट्रॉनांमागे ३ ऑक्सिजन आयन असतील आणि प्रत्येकानं आपले आठही इलेक्ट्रॉन सोडले असतील, तर २४ इलेक्ट्रॉन त्यांचे झाले. इंधनाला जागा उरली ७६ ची. फ्यूजनचा वेग इंधनाच्या घनतेच्या वर्गावर ठरतो, आणि ०.७६ चा वर्ग ०.५८. तीन टक्के ऑक्सिजननं चाळीस टक्क्यांहून जास्त शक्ती खाल्ली. दुसरी तऱ्हा उष्णता प्रकाशाच्या रूपानं बाहेर फेकण्याची. कार्बन, ऑक्सिजन यांसारखे हलके अणू हे काम मुख्यतः कडेला आणि सुरुवातीला करतात. प्लाझ्मा पेटताना तापमान काही इलेक्ट्रॉन व्होल्टपासून काही दहा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत (एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० अंश) चढावं लागतं, आणि नेमक्या त्याच टप्प्यात हे अणू सगळ्यात जास्त चमकतात. भिंत ओली असेल तर दिलेली सगळी शक्ती इथेच प्रकाशात जाते, प्लाझ्मातला विद्युतप्रवाह वाढत नाही, शॉट काही मिलिसेकंदांत मरतो. टंगस्टनचं उलटं. त्याच्याकडे ७४ इलेक्ट्रॉन, कोट्यवधी अंशांतही ते सगळे सुटत नाहीत, म्हणून तो थेट गाभ्यात बसून किरणं फेकतो. कार्बन एखादा टक्का चालून जातो. टंगस्टन मात्र लाखात काही मोजके अणू इतकाच खपतो. प्रिन्स्टनच्या पीएलटी यंत्रानं १९७० च्या दशकात हे भोगलं. टंगस्टनच्या लिमिटरमुळे गाभाच कडेपेक्षा थंड पडायला लागला. पुढे तिथे ग्रॅफाइट लिमिटर आले आणि १९७८ मध्ये त्याच यंत्रानं ६ कोटी अंश गाठले.

आता कामाकडे. पहिलं पाऊल बेकिंग, म्हणजे व्हॅक्यूम चालू ठेवून सगळं भांडं तापवणं. हे का लागतं ते असं. स्वच्छ धातूला चिकटलेला पाण्याचा रेणू सुटायला साधारण एक इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते असं धरा. खोलीच्या तापमानाला असा रेणू सरासरी दोनेक तास जागेवर बसून राहतो. १५० अंशाला तोच सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत सुटतो. फक्त सुटला म्हणजे पंपात गेला असं नाही. तो समोरच्या भिंतीवर जाऊन पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो, असा शेकडो वेळा उड्या मारत कधीतरी पंपाच्या तोंडाशी पोहोचतो. खोलीच्या तापमानाला प्रत्येक मुक्कामाला दोन तास, म्हणून महिने जातील. तापवलेल्या भांड्यात तोच प्रवास दिवसांत उरकतो.

किती अंशाला आणि किती दिवस, हे मात्र यंत्रावर ठरतं. रबरी ओ-रिंग असतील तर १५० च्या आसपास थांबावं लागतं. सगळी सील धातूची असतील तर वर जाता येतं. इंग्लंडमधलं जेट हे टोकामॅक ३२० अंशापर्यंत तापवायचे. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या आराखड्यात भिंत २४० आणि डायव्हर्टर ३५० अंशाला तापवायची सोय आहे. काचेच्या खिडक्या आणि सिरॅमिक जोड यांच्यासाठी तापमान हळू चढवावं आणि त्याहून हळू उतरवावं लागतं.

बेकिंगमधली एक चूक मला अजून टोचते, कारण ती माझ्या पाळीत झाली. एका यंत्राचं पाच दिवस बेकिंग केलं, दाब छान उतरला, सगळे खूश. पहिल्याच शॉटला प्लाझ्माच्या प्रकाशातली ऑक्सिजनची रेषा अशी उसळली की प्रवाह वर चढेना. दोन दिवस आम्ही गळती शोधत बसलो. शेवटी कळलं की एका बाजूच्या पोर्टवरची (भांड्याच्या तोंडावरची) हीटिंग टेप पहिल्याच रात्री बंद पडली होती आणि त्या ठिकाणचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) शेजारच्या फ्लँजवर (जोडाच्या कड्यावर) लावलेला असल्यामुळे तापमान बरोबर दिसत होतं. बाकी सगळं भांडं तापलेलं आणि हा एक कोपरा थंड, म्हणून सगळीकडचं पाणी तिथे जाऊन बसलं. पाच दिवस आम्ही पाण्याला फक्त घर बदलायला लावलं होतं. तेव्हापासून बेकिंग सुरू झाल्यावर दर चार तासांनी हातात थर्मामीटर घेऊन एकेक पोर्ट स्वतः फिरून बघायचा हा माझा नियम राहिला.

बेकिंगनं पाणी जातं, पण ऑक्साइड आणि घट्ट बसलेला कार्बन जात नाही. त्यासाठी ग्लो डिस्चार्ज. भांडं अर्थला जोडायचं, आतल्या इलेक्ट्रोडला ३०० ते ५०० व्होल्ट धन द्यायचे, आणि हायड्रोजन किंवा हीलियम मिलिबारच्या हजाराव्या भागाच्या आसपास सोडायचा. सगळी भिंतच कॅथोड होते आणि तिच्यावर आयनांचा पाऊस पडतो. हायड्रोजन रसायनाचं काम करतो. कार्बनला मिथेन करून आणि ऑक्सिजनला पाणी करून तो बाहेर काढतो. हीलियम फक्त ठोकतो, भिंतीत साठलेला हायड्रोजन सोडवतो.

इथे नवखी मंडळी एक गोष्ट विसरतात. रात्रभर हायड्रोजनचा ग्लो चालवलात की भिंत ऑक्सिजनपासून सुटते, पण हायड्रोजननं तुडुंब भरते. सकाळी पहिला शॉट घ्या, तुम्ही सोडलेल्या वायूच्या कितीतरी पट वायू भिंतच सोडते आणि घनता हाताबाहेर जाते. म्हणून शेवटी हीलियमचा ग्लो चालवून भिंत थोडी रिकामी, थोडी भुकेली करावी लागते. हीलियम किती वेळ? माझा अनुभव ग्रॅफाइट असलेल्या यंत्रांचा आहे, तिथे शॉटच्या मधेमधे दहा-पंधरा मिनिटंही फरक दाखवतात. नुसत्या धातूच्या भिंतीत साठाच कमी, तिथे कमी पुरतं.

कधी थांबायचं हे घड्याळावर ठरवू नका, आरजीएवर ठरवा. भांड्यात उरलेले वायू वस्तुमानाप्रमाणे वेगळे दाखवणारं ते यंत्र प्रत्येक व्हॅक्यूमवाल्याचे डोळे असतं. १८ म्हणजे पाणी, १६ च्या आसपास मिथेन, ४४ कार्बन डायऑक्साइड. २८ फसवा आहे, तो कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो आणि हवेतला नायट्रोजनही. सोबत ३२ आणि ४० दिसले तर ती हवा, म्हणजे गळती. एकटा २८ असेल तर भिंत अजून कार्बन आणि ऑक्सिजन सोडतेय. ग्लो सुरू केल्यावर हे आकडे आधी वर उसळतात, मग तास-दोन तासांत उतरायला लागतात. उतार सपाट झाला की त्या पद्धतीनं जे निघणार होतं ते निघालं. पुढे वेळ घालवून फक्त भिंत झिजवाल. पंप लहान असेल तर सुटलेलं पाणी पुन्हा डिस्चार्जमध्ये फुटून भिंतीवर परत बसतं, तेव्हा व्होल्टेज वाढवण्याआधी पंपाकडे बघा.

इथवर भिंतीतून काढायचं काम झालं. लेपाचं काम वेगळं, त्यात भिंतीला असं काही द्यायचं की उरलेसुरले अणू ती स्वतःच पकडून ठेवील.

बोरॉनचा लेप १९८० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत युलिखच्या टेक्स्टर यंत्रावर रुजला. बोरॉन असलेला वायू हीलियममध्ये मिसळून ग्लो डिस्चार्जमध्ये सोडायचा, तो फुटतो आणि भिंतीवर साधारण ५० ते १०० नॅनोमीटरचा पातळ थर बसतो. बोरॉन ऑक्सिजनला असा घट्ट धरतो की तो पुन्हा सहजी सुटत नाही. परिणाम थक्क करणारे होते. अमेरिकेतल्या डीथ्री-डी यंत्रावर बोरॉनच्या लेपानंतर आधी कधी न दिसलेली, उष्णता फारच चांगली धरून ठेवणारी अवस्था सापडली. पण तुमच्या "एकदाच" चं उत्तरही याच लेपात आहे. जो थर ऑक्सिजन पकडतो तो भरत जातो, आणि जिथे प्लाझ्मा घासतो तिथून तो झिजत जातो. मोठ्या सावलीच्या भागात तो आठवडे टिकतो, डायव्हर्टरवर काही शॉटमध्येच संपतो. पुन्हा द्यावाच लागतो.

खाली ओल असताना दिलेला लेप माझ्या घराच्या रंगासारखाच वागतो. म्हणून बेकिंग आणि ग्लो नीट झाल्याशिवाय बोरॉनला हात लावू नये, यावर मी हट्टी आहे. वेळ वाचवायला हा क्रम मोडलेला पाहिलाय, आणि वाचवलेले दोन दिवस पुढच्या दोन आठवड्यांत वसूल झालेलेही पाहिलेत.

लिथियमचा गुण निराळा. तो हायड्रोजनलाच गिळतो. त्यामुळे भिंतीवरून परत येणारा थंड वायू कमी होतो, कड गरम राहते, आणि सगळा प्लाझ्मा सुधारतो. प्रिन्स्टनच्या टीएफटीआर आणि एनएसटीएक्सवर, चीनमधल्या हफेईच्या ईस्टवर त्यानं उत्तम काम केलं. पण भांडं उघडलं की हवेतल्या ओलीनं त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि ते खरवडून काढणं जिकिरीचं. शिवाय खऱ्या अणुभट्टीत तो ट्रिटियमही (इंधनातला किरणोत्सारी हायड्रोजन) तसाच गिळेल, आणि ट्रिटियम भिंतीत अडकून पडणं कुणालाच परवडणारं नाही. कार्बनच्या भिंती मोठ्या यंत्रांतून गेल्या त्यामागेही ट्रिटियम अडकणं हेच मोठं कारण होतं.

टंगस्टनची तुलना मात्र या दोघांशी करू नका. बोरॉन आणि लिथियम हे वरचे लेप, टंगस्टन ही भिंतच. ३४०० अंशांच्या पुढे वितळणारा, कमी झिजणारा, ट्रिटियम कमी धरणारा, म्हणून अणुभट्टीला तोच हवा. पण तो स्वतः ऑक्सिजन पकडत नाही. जर्मनीतलं अ‍ॅसडेक्स अपग्रेड २००७ पासून पूर्ण टंगस्टनचं झालं आणि त्यालाही अधूनमधून बोरॉन द्यावा लागतो. ईटरनंही २०२३ मध्ये बेरिलियमऐवजी टंगस्टनची भिंत घ्यायचं ठरवलं तेव्हा सोबत बोरॉनच्या लेपाची व्यवस्था आणली. त्यामुळे "सगळ्यात चांगलं कोणतं" याला माझं उत्तर: आजच्या प्रायोगिक यंत्राला धातूची किंवा ग्रॅफाइटची नीट भाजलेली भिंत आणि वर बोरॉन. लिथियम फक्त तिथे, जिथे त्याची साफसफाई करायची तयारी आणि माणसं आहेत.

पुढच्या अणुभट्ट्यांपुढे आणखी एक अडचण आहे. तिथे अतिवाहक चुंबक दिवसरात्र चालू असतात, आणि जोरदार चुंबकीय क्षेत्रात साधा ग्लो डिस्चार्ज सगळीकडे पसरत नाही. म्हणून क्षेत्र चालू असतानाच रेडिओ लहरींनी विरळ प्लाझ्मा करून भिंत साफ करायची पद्धत विकसित झाली, आणि प्लाझ्मा चालू असतानाच बोरॉनची पूड वरून थोडी थोडी सोडायचे प्रयोगही झालेत. महिनोन्‌महिने न थांबता चालणाऱ्या भट्टीत भिंतीची निगा चालत्या भट्टीतच राखावी लागणार, आणि हे काम अजून तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहे.

आता तुमचं चेंबर. हायड्रोजन आणि बोरॉनचे वायू विसरा. बोरॉनसाठी वापरतात तो डायबोरेन विषारी आहे आणि हवेत आपोआप पेटतो, कॉलेजच्या खोलीत त्याला जागा नाही. चेंबर उघडताना नायट्राइलचे हातमोजे घाला, आतून अ‍ॅसिटोन आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं लिंट न सुटणाऱ्या कापडानं पुसा. आत बसवलेले स्क्रू बघा. आंधळ्या भोकातल्या स्क्रूखाली अडकलेली हवा महिनाभर झिरपत राहते आणि गळतीचा भास करते. तसे स्क्रू मधून भोक असलेले घ्या किंवा कडेला खाच काढा. उघडताना हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडा आणि शक्य तितक्या लवकर बंद करा. जुलैत सांगलीत पंधरा मिनिटं उघडं राहिलेलं चेंबर आणि फेब्रुवारीत तेवढंच उघडं राहिलेलं चेंबर, यांचा खाली उतरायचा वेळ मी स्वतः मोजलाय, पावसाळ्यात तो कितीतरी जास्त लागतो. मग हीटिंग टेप गुंडाळून १२० अंशाला दोन दिवस, एकही फ्लँज थंड न ठेवता. त्यानंतर आर्गॉनचा हलका ग्लो अर्धा तास पुरे. आर्गॉन जड असल्यामुळे जास्त वेळ दिलात तर स्टीलच खरवडून खिडकीवर बसेल. व्होल्टेज जीवघेणं असतं, म्हणून अर्थिंग सरांकडून तपासून घेतल्याशिवाय सप्लाय चालू करू नका.

पण हे सगळं करण्याआधी एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. चेंबर पूर्ण खाली नेऊन गेट व्हॉल्व्ह (पंपाकडची झडप) बंद करा आणि दर मिनिटाला गेजवरचा दाब लिहा, एक तासभर. आलेख सरळ रेषेत चढत राहिला तर कुठेतरी गळती आहे आणि बेकिंगनं काहीही होणार नाही. आधी वेगानं चढून मग वाकायला लागला तर भिंत ओल सोडतेय. तो आलेख आणि चेंबरमध्ये ओ-रिंग किती आहेत ते कळवा, मग टेप किती मीटर लागेल ते बसून काढू.